गुंडोपंतांची प्रश्नवही

आमच्या गावात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर तिघांना बोलावणं जायचं. भटजींना, न्हाव्याला आणि लायब्रेरियनला. पहिले दोघे कशाला, ते सांगायला नको. तिसऱ्याचं मात्र सांगावं लागेल, कारण बाहेरचा माणूस हे ऐकून आधी हसतो आणि मग परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारतो.

गाव कृष्णाकाठचं, उंब्रजपासून बैलगाडीनं दोन तासांवर. वाचनालय घाटाला लागून, एका जुन्या धर्मशाळेत. लायब्रेरियन गुंडोपंत खटावकर. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि वाचनालयाचा मानद चिटणीस होतो, म्हणजे कागदोपत्री गुंडोपंत माझ्या हाताखाली होते. प्रत्यक्षात मी त्यांना भ्यायचो.

अंगानं काटकुळे, काळा कोट, त्याची बटणं भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. वहाणांच्या आवाजानं वाचकाचं लक्ष उडतं म्हणून ते वाचनालयात अनवाणी फिरत, आणि एकदा सवय लागल्यावर बाहेरही अनवाणीच फिरू लागले. ते पाठीशी येऊन उभे राहिले की फक्त श्वास ऐकू यायचा. आपण काही मागायच्या आत हवं ते पुस्तक पुढ्यात येऊन पडायचं. एकदा तीन दिवस माझ्या पोटात दुखत होतं. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं. मासिक चाळायला म्हणून बसलो, तर समोर आतड्याच्या विकारांवरचं जाडजूड पुस्तक आलं आणि मागून आवाज आला, "पान बत्तीस बघा. तेहेतीस वाचू नका." मी अर्थातच तेहेतीस वाचलं आणि पुढचा आठवडाभर मला धड झोप लागली नाही.

सगळ्या वाचनालयांत पुस्तकं नेल्याची वही असते. आमच्याकडे त्याशिवाय प्रश्नांची वही होती. वर्गणीदार असो नसो, अक्षरओळख असो नसो, कुणीही यावं आणि प्रश्न विचारावा. उत्तर कपाटात असलं तर तिथल्या तिथे मिळे. नसलं तर गुंडोपंत वहीत प्रश्न लिहून घेत, टाक पुसत आणि अगदी मायेनं सांगत, "प्रश्न नोंदवला आहे. उत्तर मिळेल. तुम्ही असा, नसा, उत्तर मिळेल."

हे वाक्य त्यांनी एकदा मामलेदारसाहेबांना ऐकवलं. भूमिगतांच्या धामधुमीचे ते दिवस, आमच्या भागात सरकारी माणसं असल्या बोलण्याला फार दचकत. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हा गृहस्थ कुठल्या गटातला?" साहेबांनीच विचारलेला प्रश्न आंब्याच्या मोहरावर पडणाऱ्या किडीबद्दल होता आणि उत्तर त्याचंच मिळणार होतं, हे मी पटवून दिलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

उत्तर सापडायला कधी दोन दिवस लागत, कधी आठ वर्षं. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांना पत्रं जात, प्राध्यापकांना जात, ओळखदेख नसलेल्या परदेशी पंडितांनाही जात. उत्तर आलं की गुंडोपंत छत्री घेऊन निघालेच. माणूस मोटेवर असला तर मोट थांबवून, बांधावर उभे राहून ते खणखणीत आवाजात वाचत: "प्रश्न: नागाला ऐकू येतं का? विचारणार: अमुक. उत्तर: अमुक. संदर्भ: अमुक ग्रंथ, अमुक पान." मग वहीत 'पोचलं' असं लिहीत आणि पुढे बोलण्यात वेळ न घालवता परत फिरत.

घाटावरचं प्रकरण सुरू झालं ते एका म्हाताऱ्या सुभेदारांपासून. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याकडे लढून आले होते. त्यांनी गुंडोपंतांना विचारलं होतं, "तिकडं वाळवंटात आभाळात उलटी पलटण चालताना बघितली म्या. डोकी खाली, पाय वर. ती भुतं हुती का माणसं, येवढं सांगा." कितीतरी वर्षं या माणसाला त्या पलटणीनं धड झोपू दिलं नव्हतं. उत्तर यायच्या आधीच ते वारले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलांनी हात जोडून एकेक कबूल केलं. भाऊभाऊ एकत्र राहू, बहिणीचं लग्न थाटात करू, पांढऱ्या पायाची घोडी विकणार नाही. कावळे चिंचेवर बसून खाली बघत होते. दोन तास गेले. एवढ्यात गुंडोपंत घाट उतरून आले. त्यांना क्रियेशी काही कर्तव्य नव्हतं. सकाळच्या टपालानं उत्तर आलं होतं, ते घेऊन ते सुभेदारांच्या घरी गेले आणि सगळे नदीवर आहेत असं कळल्यावर तसेच इकडे आले. आता विचारणारा पिंडात आहे म्हटल्यावर ते पिंडासमोर उभे राहिले.

"प्रश्न: आभाळातली उलटी पलटण, भुतं की माणसं. उत्तर: माणसं. वाळवंटात हवा थराथरानं तापते, त्यातून उजेड वाकतो आणि लांब चाललेली खरीच माणसं उलटी होऊन आभाळाच्या कडेला दिसतात. भुतांचा संबंध नाही."

संदर्भाचं पान सांगून व्हायच्या आत कावळा खाली आला होता. सुभेदारांचा थोरला मुलगा सहा फुटी गडी, तो मटकन खाली बसला. गुंडोपंतांनी वहीत 'पोचलं' लिहिलं आणि कुलूप उघडायला उशीर झाला म्हणून ते घाईघाईनं वर गेले.

त्यानंतर लांबलांबून बोलावणी येऊ लागली. घरोघरी म्हाताऱ्यांच्या मागं तगादा लागला, "आबा, काय इचारायचं ऱ्हायलं असंल तर आत्ताच इचारून घ्या. मागनं आमास्नी उन्हात ताटकळत ठिवू नगा." काही म्हातारे वाचनालयाच्या दारावरूनही जाईनासे झाले. मी स्वतःला सुधारक समजत असे, तेव्हा चिटणीस या नात्यानं मी लेखी विचारणा केली की वाचनालयाचा सेवक क्रियाकर्मात भाग घेतो हे कितपत योग्य आहे. उत्तर लेखीच आलं. "मी कावळे बोलावत नाही. मी उत्तर पोचवतो. ते ऐकायला कोण येतं, हे माझ्या कामात बसत नाही." मी तो कागद फायलीला लावला आणि विषय मिटवला. कारण खरं सांगायचं तर त्या दिवशी घाटावर मीही होतो.

दुसऱ्या महायुद्धात आमच्या भागातली पोरं गावंच्या गावं रिकामी करून पलटणीत गेली. पलीकडच्या वाडीतल्या हौसाबाईचा मारुती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. एका बाजारच्या दिवशी ती डोक्यावरची पाटी उंबऱ्याशी ठेवून आत आली. सुनेला, चंद्राला, बरोबर आणलं होतं. पदरातून एक इंग्रजी कागद काढून तिनं टेबलावर ठेवला.

गुंडोपंतांनी तो दोनदा वाचला. "बेपत्ता आहे, असं लिहिलंय. मृत असावा, असंही लिहिलंय."

"म्हंजे ग्येला?"

"'असावा' हे उत्तर होत नाही, बाई. ज्यानं लिहिलं त्यालाही माहीत नाही."

"मग तुमी लिवा तुमच्या वहीत. माजा मारुती कुठं हाय?"

त्यांनी प्रश्न लिहून घेतला. पण नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि अर्ध्यातच थांबले. "उत्तर मिळेल," एवढंच म्हणाले. मग नकाशांचं मोठं पुस्तक काढून तिचं बोट धरून त्यांनी सातारा दाखवला, समुद्र ओलांडला आणि ब्रह्मदेशावर बोट टेकवलं. हौसाबाई दर बाजाराला यायची. काही विचारायची नाही. नकाशा उघडून घ्यायची, ब्रह्मदेशावर तळहात ठेवायची आणि घटकाभर तशीच बसायची. गुंडोपंतांनी पलटणीच्या कचेरीला, इस्पितळांना, वर्तमानपत्रांना किती पत्रं लिहिली असतील याचा हिशेब नाही.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी मी विसरलेली छत्री न्यायला वाचनालयात गेलो. सुट्टी होती, कुणी असायचं कारण नव्हतं. दार लोटलेलं. आतून गुंडोपंतांचा आवाज येत होता. मी फटीतून पाहिलं. एक रिकामी खुर्ची टेबलापासून ओढून ठेवली होती, तिच्यासमोर पाण्यानं भरलेला पेला. गुंडोपंत तिच्यासमोर वही घेऊन उभे होते. एक वाक्य वाचायचे, थांबायचे, खुर्चीकडे बघायचे. "हो," ते हलकेच म्हणाले, "पाणी घ्या. रडा, हरकत नाही. मी थांबतो." आणि खरोखरच थांबले. किती वेळ, कोण जाणे. बाहेर ऊन रणरणत होतं. छत्री तिथेच टाकून मी पळतच घर गाठलं.

वर्ष लोटलं. मारुतीच्या चुलत्यानं, बापूनं, भावकी जमवली. संध्याकाळी उसातून बुटांचा आवाज येतो, म्हैस बुजते, पोरांना ताप भरतो. मारुती अडकलाय, त्याचं करून टाकलं पाहिजे, असं ठरलं. दर्भाची बाहुली करून तिला अग्नी द्यायचा, दहाव्याला पिंड ठेवायचे आणि चंद्राचं कुंकू पुसायचं. हौसाबाई नको नको म्हणत होती. शेवटी तिनं एकच अट घातली. "कावळा शिवला तर मानीन. न्हाई शिवला तर माज्या सुनंच्या कपाळाला हात लावायचा न्हाई."

दहाव्या दिवशी निम्मं गाव घाटावर लोटलं. बायका सहसा येत नाहीत, पण हौसाबाई आली होती, सुनेचा हात घट्ट धरून. चंद्रानं त्या दिवशी कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. कावळे आले होते. घाटाच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, आणि त्यांतला एकही ओरडत नव्हता. इतके कावळे आणि इतकी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

"मारुती, लेकरा, तुज्या आईला आमी बघू," बापू म्हणाला. "चंद्रीला काय कमी पडू देणार न्हाई." सूर्य डोक्यावर आला. शेवटी बापू वळला. "पंतास्नी बोलवा. पोरगं रजेवर आलं तवा लायब्रीत जाऊन बसायचं. काय तरी इचारलं असंल."

गुंडोपंत वही घेऊन आले. मी त्यांच्या खांद्याशीच उभा होतो. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. मला नाव दिसलं, मारुती. खाली त्यांच्या बारीक अक्षरात उत्तरही लिहिलेलं होतं, 'पोचलं' मात्र नव्हतं. मी वाचणार एवढ्यात त्यांनी पानावर पंजा ठेवला.

"पंत," हौसाबाई हळूच म्हणाली, "वाचू नगा."

तयार उत्तर हातात असताना ते न देणं गुंडोपंतांना आयुष्यात जमलं नव्हतं. मग त्यांनी पान उलटलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचलं, "विचारणार: हौसाबाई. प्रश्न: मारुती कुठे आहे. उत्तर: अजून मिळालेलं नाही."

"आवं, त्ये न्हवं! मारुतीचं काय हाय ते वाचा की!" बापू ओरडला.

"ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मी उत्तर कुठे पोचवू? आणि मला जे मिळालेलं नाही, ते मी कावळ्याला विचारून लिहीत नाही." त्यांनी वही मिटली. त्या आवाजासरशी भिंतीवरचे सगळे कावळे एकदम उठले आणि एक हाक न देता नदीपलीकडे गेले.

भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. पण तोवर हौसाबाई सुनेला घेऊन घाटाची चढण चढू लागली होती. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. बापू गुंडोपंतांना नाही नाही ते बोलला. त्यांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

लढाई संपली आणि पोरं परत यायला लागली. ज्या माणसानं अनेक वर्षांत वाचनालय उघडायची वेळ चुकवली नव्हती, तो दर शुक्रवारी कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून साताऱ्याला जायला लागला. शाळेच्या कामानं मी एकदा तिथं होतो, तेव्हा मोटारस्टँडवर त्यांना पाहिलं. काळा कोट, अनवाणी पाय, आणि खाकी कपडा दिसला की त्याच्यापुढे जाऊन उभे. "ब्रह्मदेशातून आलात? वाडीचा मारुती माहीत आहे?" कुणी त्यांना खुळा समजलं, कुणी लष्करी पोलीस समजून सलाम ठोकला. एका जवानानं दया येऊन विडी दिली, ती त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवली. मी पुढे झालो नाही. का झालो नाही, याची अजून लाज वाटते.

एका शनिवारी मी वाचनालयात गेलो तर वही मिटलेली आणि गुंडोपंत तिच्याकडे बघत बसलेले.

"कडेगावकडचा एक जण भेटला," ते म्हणाले. "मारुतीच्याच तुकडीतला. उत्तर मिळालं. मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर चला."

कसलं उत्तर ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा पुरेसा होता.

वाडीची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते. सकाळची नवाची वेळ, लख्ख ऊन. तरी उसातून आमच्या बरोबरीनं कुणीतरी चालत असल्याचा आवाज येत होता. जड पाऊल, एका लयीत. आम्ही थांबलो की तोही थांबे.

"उसाची पानं आहेत," गुंडोपंत म्हणाले. "वारा असतो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "वारा नाही, हेही खरं आहे."

मग चालता चालता, माझ्याकडे न बघता ते बोलले. "मेलेल्या माणसासमोर माझा आवाज कापत नाही, मास्तर. जिवंत माणसाला वाईट उत्तर द्यायचं म्हणजे सराव लागतो. मी वर्षाहून जास्त केलाय. एक खुर्ची ठेवून करतो." मला ती दुपार आठवली आणि इतके दिवस मी ज्याला भ्यालो, ते काय होतं हे कळलं.

हौसाबाई दारात जोंधळे पाखडत होती. चंद्रा विहिरीवर गेली होती. गुंडोपंत अंगणात उभे राहिले, वही उघडली. "विचारणार: हौसाबाई." आवाज बसला. त्यांनी घसा खाकरला. "विचारणार..." पुढे शब्द येईना. मी वहीकडे हात केला, तर ती त्यांनी छातीशी धरली.

हौसाबाईनं सूप खाली ठेवलं. "कुठं, पंत?"

"चिंदविन नावाची नदी आहे. तिच्या काठाला. बरोबरच्या गड्यानं स्वतःच्या हातानं मूठमाती दिली. वर दगड रचले."

जोंधळ्यावर चिमण्या उतरल्या, तिनं हाकलल्या नाहीत. "नदी हाय म्हणा की," ती शेवटी म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "पर तितं त्येचं कुणी काय केलं असंल? ना पिंड, ना कावळा. माजं लेकरू तसंच उपाशी पडलं असंल."

गुंडोपंतांनी पान उलटलं. घाटावर पंजाखाली झाकलेलं पान तेच होतं. आता मात्र त्यांचा आवाज लागला, अगदी हळू.

"विचारणार: मारुती. रजा संपवून जायच्या दिवशी. प्रश्न: ब्रह्मदेशात कावळे असतात का? उत्तर: असतात. पुष्कळ असतात. आपल्यासारखेच असतात. फक्त मान आपल्या कावळ्याइतकी करडी नसते, जरा काळी असते." संदर्भ खाली लिहिलेला होता. तो त्यांनी वाचला नाही.

हौसाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हंजे इचारून गेला हुता," ती म्हणाली. "समदं इचारून गेला हुता माजा मारुती." ती रडली, आणि तिचं रडणं आता निराळं होतं. डोळे पुसून तिनं सांगितलं, "चंद्रीला मी सांगीन. कुंकवाचं काय करायचं ते ती ठरवंल. भावकीतल्या कुणी मधी पडायचं न्हाई, आसं बापूला जाताना सांगा."

काम झालं होतं. गुंडोपंतांनी 'पोचलं' लिहावं आणि वळावं, ही त्यांची रीत. पण ते तिथेच जमिनीवर बसले. मी निघायची खूण केली, ती त्यांनी पाहिली नाही. धर्मशाळेच्या मागच्या खोलीत हा माणूस वर्षानुवर्षं एकटा राहत होता. जेवला का, आजारी आहे का, असं त्याला कुणी विचारत नव्हतं. मी चिटणीस, मीही विचारलं नव्हतं.

"हौसाबाई," ते वहीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत म्हणाले, "मी अधूनमधून इकडे आलो तर चालेल का? आता उत्तर वगैरे काही नसेल. नुसताच येईन."

गुंडोपंतांनी स्वतःसाठी काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. हौसाबाईनं पदरानं तोंड पुसलं, सूप पुन्हा हातात घेतलं आणि इतके दिवस ज्यांना ती अहो-जाहो करत होती, त्यांना म्हणाली, "ये की रं. त्यात इचारायचं काय?"